मायना, मजकूर आणि पोच

(निलंगा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, पाणीप्रश्न झाला, हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात.’ पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग आवाज आला, ‘सर, याचा गुरुजींशी काही संबंध जोडता आला तर बघा.’ जोडायची गरज नाही. तो आधीपासूनच आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो.

जुन्या मंडळींना आठवत असेल. शाळा सुटली की गुरुजी घराच्या ओट्यावर बसत आणि येईल त्याला अर्ज लिहून देत. फुलस्केप कागद डावीकडून दुमडून समास पाडायचा. वर ‘प्रति’. मग अर्जदाराचं नाव, गाव, वय, धंदा. विषय एका ओळीत. त्याखाली संदर्भ, म्हणजे आधीच्या कुठल्या कागदावरून हा अर्ज निघाला ते. मग ‘महोदय’ आणि मजकूर. तळाशी सोबत काय जोडलंय त्याची यादी, आणि कोर्ट फीचं तिकीट. मी तेव्हा आठवीत. कागद पुरवणं आणि तिकिटाला डिंक लावणं एवढंच माझं काम. अर्ज हातात देताना गुरुजी प्रत्येकाला बजावत, ‘पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरायची नाही.’

पुढे तीसेक वर्षं मी संगणकाच्या जाळ्यावर पोट भरलं. एचटीटीपी नावाचे जे नियम आहेत, ज्यांच्या आधारे ब्राउझर मागतो आणि सर्व्हर देतो, त्यांचा मसुदा पहिल्यांदा वाचायला घेतला तेव्हा दुसऱ्याच पानावर मला ओटा दिसला. हा अर्जच होता. मायना होता, संदर्भ होता, सोबत होती.

आता तुम्ही फोनवर मराठी विकिपीडियातलं निलंग्याचं पान उघडता असं धरू. बोट काचेला लागतं आणि फोनमधला ब्राउझर एक अर्ज लिहितो. लिहितो हे मी अलंकारिक बोलत नाही. कित्येक वर्षं तो अर्ज साध्या अक्षरांत, ओळीखाली ओळ, असाच जात असे. आता वेगासाठी त्याची सांकेतिक घडी घालतात, पण कलमं तीच राहिली आहेत. पहिल्या ओळीत ‘गेट’ हा शब्द, म्हणजे ‘द्या’, आणि कुठलं पान हवं त्याचा पत्ता. पुढची ओळ ‘होस्ट’: कुठल्या संकेतस्थळासाठी आलोय ते. ही ओळ सुरुवातीला लागत नव्हती. पुढे एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळं नांदू लागली, एका वाड्यात शंभर बिऱ्हाडं असावीत तशी, आणि वाड्याचा पत्ता सांगून भागेना; कुणाच्या दारात जायचंय तेही सांगावं लागलं. म्हणून १९९७ च्या आवृत्तीपासून ती सक्तीची झाली. हेच गुरुजींचं ‘प्रति’.

त्याखाली अर्जदार स्वतःची ओळख देतो. या ओळीची मौज आहे. जगातले बहुतेक सगळे ब्राउझर आजही स्वतःचं नाव ‘मोझिला ५.०’ असं सांगून सुरुवात करतात. कारण जुन्या काळी काही सर्व्हर मोझिला म्हणजे नेटस्केप या ब्राउझरलाच चांगलं पान द्यायचे, इतरांना साधं. मग इतरांनीही तेच नाव लावलं. आज तुमच्या फोनमधला क्रोम ओळख देताना मोझिला, ॲपल वेबकिट, गेको, सफारी असे चार घरांचे संबंध सांगतो. लग्नपत्रिकेत अमुकांचे जावई, तमुकांचे साडू छापावं, त्यातला प्रकार.

आणि मग संदर्भ. तुम्ही कुठल्या पानावरून इथे आलात ते सांगणारी ओळ नियमांत आहे. तिचं इंग्रजी नाव ‘रेफरर’. पण १९९० च्या दशकात ते कलम घालणाऱ्याने स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ गाळला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत जगभरच्या यंत्रांनी तो चुकलेला शब्द पाठ करून टाकला. आता तो दुरुस्त करता येत नाही. रोज अब्जावधी अर्जांत ती एकच चूक लिहिली जाते. गुरुजींनी लाल शाईची दौत संपवली असती.

सगळ्या ओळी संपल्या की एक ओळ कोरी सोडतात. मायना संपला, हे त्या कोऱ्या ओळीवरून कळतं. काही सोबत जोडायचं असेल तर ते तिच्याखाली. नुसतं पान मागायचं असेल तर खाली काही नसतं.

इथे एक अडचण आपली. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी होती; पत्त्याच्या ओळीत देवनागरी थेट लिहिता येत नाही. म्हणून ‘निलंगा’ हा शब्द आधी मोडावा लागतो. न, वेलांटी, ल, अनुस्वार, ग, काना, अशी सहा चिन्हं. प्रत्येकाला युनिकोडच्या पद्धतीने तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण लावून तीन अक्षरांत. एकट्या ‘न’चं होतं ‘टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए आठ’. अख्खा निलंगा तारेवरून जातो तेव्हा तो ५४ अक्षरांचा असतो. रोमन लिपीत सात अक्षरांत भागलं असतं. २०१४ साली ‘.भारत’ हा पत्ता देवनागरीत मिळाला, त्याचा गवगवाही झाला. पण तारेवर तो ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा जातो. मी तक्रार करत नाही. सोय झाली हे मोठंच. एवढंच की आपलं नाव सांगायला आपल्याला जरा जास्त शाई लागते.

अर्ज गेला. आता उत्तर.

उत्तराच्या पहिल्या ओळीत तीन आकडी क्रमांक असतो, आणि सगळा निवाडा त्यात येतो. २ ने सुरू झाला तर काम झालं. ३ ने सुरू झाला तर दुसरीकडे जा: ३०१ म्हणजे पान कायमचं हललं, नवा पत्ता हा घ्या. ४ ने सुरू झाला तर चूक मागणाऱ्याची. ५ ने सुरू झाला तर चूक देणाऱ्याची. ४०४ तर आता घराघरांत पोचला आहे. पूर्वी पोस्टमन पाकिटावर ‘या नावाचा इसम येथे राहत नाही’ असा शेरा मारून पत्र परत आणी, तो हा. ४०३ म्हणजे तुमचं म्हणणं समजलं, पण देणार नाही. हे क्रमांक ठरवणाऱ्या मंडळींना विनोदाचं वावडं नव्हतं. १९९८ च्या १ एप्रिलला त्यांच्यापैकी एकाने ४१८ हा क्रमांक सुचवला, अर्थ असा: ‘मी चहाची किटली आहे, मला कॉफी करता येत नाही.’

मला स्वतःला ३०४ आवडतो. ब्राउझरने एखादं पान आधी आणून ठेवलेलं असतं. तो सर्व्हरला विचारतो, ‘माझ्याकडे अमुक तारखेची प्रत आहे, त्यानंतर काही बदल?’ सर्व्हर म्हणतो ३०४: बदल नाही. मजकूर पाठवतच नाही. आपल्याकडे दरवेळी नवा सातबारा मागतात. जमीन तीच, नाव तेच, पण कागद ‘ताजा’ हवा. ३०४ ची रीत कचेऱ्यांनी उचलली तर किती हेलपाटे वाचतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आणि ५०० च्या रांगेतल्या क्रमांकांबद्दल मला आदर आहे. ‘तुमचा अर्ज बरोबर होता, गोंधळ आमच्याकडे झाला’ असं पहिल्याच ओळीत लिहून देणारी कचेरी मी यंत्रांच्या जगाबाहेर अजून पाहिलेली नाही.

या सगळ्या क्रमांकांपेक्षा वाईट एक गोष्ट आहे. उत्तरच न येणं.

१९९३ साल आपल्या भागात कुणी विसरणार नाही. त्या वर्षी ३० एप्रिलला जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने एक कागद काढला. टिम बर्नर्स-ली या तिथल्या माणसाने १९८९ च्या मार्चमध्ये एक प्रस्ताव मांडला होता, १९९० च्या अखेरीस त्याने पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर चालू करून दाखवला होता. ते वर्ल्ड वाइड वेब आता कुणीही, कसलंही मानधन न देता वापरावं, असं त्या कागदात होतं. निलंग्यात ही बातमी आली नाही. येण्याचं कारणही नव्हतं. बरोबर पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, हे मी इथे सांगायची गरज नाही.

मी त्या वेळी पुण्यात होतो. सकाळी रेडिओवर ऐकलं. घरी फोन नव्हता. ज्या दुकानात होता, तिथला नंबर फिरवून बोट दुखलं. तार केली. तारेचं उत्तर नाही. एसटी स्टँडवर गेलो तर लातूरकडची माणसं एकमेकांना तेच विचारत होती आणि कुणाकडे सांगायला काही नव्हतं. मला आठवतं, तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की वाईट का होईना, काहीतरी कळावं. सहाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर गुरुजींचं. ‘घरची सर्व माणसे सुखरूप. मागील भिंत पडली आहे. पोच कळवणे.’ त्यांनी त्या आठवड्यात अशी किती कार्डं लिहिली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ज्याच्या घरून कार्ड आलं नव्हतं त्याच्यासाठी लिहिलं, एवढं पुढे इतरांकडून कळलं.

यंत्रांच्या भाषेत ते कार्ड म्हणजे २००. पण आधीचे पाच दिवस म्हणजे काय, याला क्रमांक नाही. सर्व्हर पडला असेल, तार तुटली असेल, अर्जच पोचला नसेल. मागणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. तो फक्त थांबतो, आणि ठरावीक वेळ झाली की ब्राउझर हात टेकतो. त्याला टाइमआउट म्हणतात. नियम करणाऱ्यांनी प्रत्येक नकाराला क्रमांक दिला, मला वाटतं, ते यासाठीच. नकार हेही उत्तर आहे.

आता अर्ज जातो कसा, ते थोडक्यात. ब्राउझरला आधी नावावरून क्रमांकी पत्ता काढावा लागतो. ही नामसूची पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. पत्ता मिळाला की सर्व्हरशी हातमिळवणी: ‘बोलू का?’ ‘बोला, ऐकू येतंय का?’ ‘येतंय.’ त्यानंतर कुलूपबंद पाकिटाची बोलणी, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला जी एचटीटीपीएस अशी अक्षरं असतात ती. कुलूप नसेल तर अर्ज पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतला कुणीही वाचू शकतो. एवढं झालं की मग अर्ज. निलंग्याहून मुंबई सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या वर. काचेच्या तंतूतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे मुंबईला पोचायला त्याला सेकंदाचे दोन हजारांश भाग पुरतात. तरी पान उघडायला वेळ लागतो, कारण खेपा. हातमिळवणीची एक, कुलपाची एक, अर्जाची एक. शिवाय पान एका अर्जात येत नाही. पहिल्या उत्तरात नुसता सांगाडा असतो. त्यातली चित्रं, अक्षरांचे ठसे, रंगसंगती, जाहिराती, प्रत्येकासाठी वेगळा अर्ज. एका पानामागे साठ-सत्तर अर्ज सहज होतात. सुरुवातीला प्रत्येक अर्जासाठी नवी हातमिळवणी लागे. पुढे एकाच हातमिळवणीत एकामागून एक अर्ज देण्याची सोय झाली, २०१५ साली ते सगळे एकदम टेबलावर ठेवता येऊ लागले, २०२२ साली हातमिळवणी आणि कुलूप एकाच खेपेत उरकण्याचे नियम पक्के झाले. तीस वर्षांची सगळी धडपड एवढ्याचसाठी, की खेपा कमी व्हाव्यात. तहसीलला ज्याने खेपा घातल्या आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सर्व्हरची एक खोड म्हणजे त्याला आठवण नसते. आपल्या गावात सकाळी गाड्यावर उभं राहून ‘नेहमीचं’ म्हटलं की निलंगा राईसची प्लेट समोर येते. तिखट किती, हे त्याला ठाऊक असतं. सर्व्हरला ‘नेहमीचं’ कळत नाही. एका अर्जाचं उत्तर दिलं की तो अर्जदाराला विसरतो. पुढच्याच क्षणी तुम्ही दुसरा अर्ज दिला तरी तुम्ही नवखेच. हा दोष वाटेल, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे. लाखो लोकांच्या आठवणी डोक्यात घेऊन बसलेली कचेरी पहिल्याच दिवशी कोलमडली असती.

मग तुमच्या बँकेचं पान तुम्हाला ओळखतं कसं? १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली या तरुणाने यावर जो तोडगा काढला, त्याला ‘कुकी’ असं खाऊचं नाव पडलं. मला विचाराल तर तो आपला आवक क्रमांक आहे. पहिल्या भेटीत कारकून तुमच्या अर्जावर शिक्का मारून क्रमांक टाकतो. लक्षात तो काहीच ठेवत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही क्रमांक सांगायचा, तो फाइल काढणार. कुकी तीच: सर्व्हरने दिलेला क्रमांक ब्राउझर जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर न विसरता लिहितो. फरक इतकाच की आपल्या कचेरीचा आवक क्रमांक शेजारच्या दुकानदाराला कुणी दाखवत नाही. वेबवर तो बाजार झाला. पानाच्या कोपऱ्यात बसलेला जाहिरातवालाही स्वतःचा क्रमांक तुमच्या खिशात घालतो आणि तुम्ही दहा ठिकाणी गेलात की दहाही ठिकाणी तो वाचतो. काल तुम्ही पेरणीयंत्र बघितलंत आणि आज बातम्यांच्या पानावर तेच यंत्र डोळ्यांपुढे येतं, त्यात जादू नाही. तुमच्याच ब्राउझरने तो क्रमांक दाखवलेला असतो.

आता निकालाचा दिवस. परीक्षांच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात हा विषय टाळून चालणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रवेश परीक्षेचा निकाल होता. कुठली परीक्षा, ते सोडा. शेजारचा मुलगा माझ्याकडे आला, कारण मी ‘संगणकवाला’. पान उघडेना. तो दर पाच सेकंदांनी रिफ्रेश करत होता. त्याचे वडील दुसऱ्या फोनवर, मामा औरादहून तिसऱ्या फोनवर, तेच. मी सांगितलं, थांबा. कुणी थांबलं नाही. मीही त्याच्या जागी थांबलो नसतो.

जरा हिशोब मांडू. दहावीला राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात. समजा प्रत्येकासाठी पहिल्या दहा मिनिटांत पाच वेळा बटण दाबलं गेलं. पंच्याहत्तर लाख अर्ज, सहाशे सेकंदांत. सेकंदाला साडेबारा हजार. आणि सर्व्हरला आठवण नसते हे आत्ताच पाहिलं. तेव्हा त्याच मुलाचा हा पाचवा अर्ज आहे हे त्याला कळत नाही. तुम्ही रिफ्रेश केलं म्हणून पहिला अर्ज रांगेतून आपोआप निघत नाही. बहुतेक वेळा तो आतपर्यंत पोचलेला असतो, सर्व्हर त्यावर राबत असतो, आणि उत्तर घेऊन दारात येतो तेव्हा घ्यायला कुणी नसतं. शेवटी तो ५०३ म्हणू लागतो: आत्ता जमत नाही. नियमांत त्या उत्तरासोबत ‘इतक्या सेकंदांनी या’ असं लिहिण्याची सोय आहे. फार थोडे सर्व्हर ते लिहितात, आणि माणसाने वाचावं असं ते पानावर दिसतही नाही.

उपाय अवघड नाहीत. निकाल एकदा लागला की बदलत नाही. मग प्रत्येक अर्जासाठी आतल्या गोदामात जाऊन गुण शोधण्यापेक्षा पानं आधीच तयार करून ठेवावीत, त्यांच्या प्रती अनेक यंत्रांवर पसराव्यात. म्हणून तर अलीकडे एकच निकाल चार संकेतस्थळांवर, डिजीलॉकरवर, एसएमएसवर देतात. ती मेहेरबानी वगैरे नाही, गर्दी वाटून घेण्याची युक्ती आहे.

आपल्या राज्याच्या दहावी-बारावीच्या निकालाच्या पानावर एक गोष्ट मला फार हलवते. तिथे दोनच रकाने असतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. मुलाचं नाव नाही, वडिलांचं नाही, आडनाव नाही. बैठक क्रमांक कुणीही अंदाजाने टाकेल, म्हणून दुसरी खूण हवी, हे तांत्रिक कारण. पण ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, जिला गावात अमक्याची आई म्हणूनच हाक मारतात, तिचं नाव नीट लिहिल्याशिवाय निकाल उघडत नाही. स्पेलिंग चुकलं तर उत्तर चुकीचं. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांनी आईच्या नावाचं स्पेलिंग त्या दिवशी पहिल्यांदा तिला विचारलं, आणि तिनेही हॉलतिकीट बघून सांगितलं.

अर्जाचे मुख्य प्रकार दोन, हे सांगून पुढे जातो. गुरुजी नकलेचा अर्ज आणि फेरफाराचा अर्ज वेगळे ठेवत. नक्कल दहा वेळा मागा, दप्तरात काही बदलत नाही. फेरफाराने दप्तर बदलतं. वेबवर पहिल्याला ‘गेट’, दुसऱ्याला ‘पोस्ट’. पंधरा रुपये भरून डिजिटल सही असलेला सातबारा तुम्ही काढता, त्यात गाव, गट निवडून कागद बघणं हे नकलेचं काम. पैसे भरणं हे फेरफाराचं. पैसे भरताना ‘मागे जाऊ नका, पुन्हा दाबू नका’ अशी पाटी येते ती यामुळेच: दुसऱ्यांदा दाबलं की दुसरा अर्ज, आणि खबरदारी घेतलेली नसेल तर दुसऱ्यांदा पैसे. निकालासाठी अधीर होऊन बटण दाबलं तर त्रास सर्व्हरला होतो. पैसे भरताना दाबलं तर स्वतःला.

एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. आता तिच्याकडे येतो, कारण खरं तर तिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

प्रत्येक अर्जात, अर्जदाराच्या ओळखीच्या आसपास, एक ओळ असते: ‘एक्सेप्ट-लँग्वेज’. मला उत्तर कुठल्या भाषेत चालेल. तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरं असली तर अर्थ मराठी. पसंतीचा क्रमही लावता येतो: मराठी आधी; नसेल तर नऊ दशांश हिंदी, आठ दशांश इंग्रजी. सर्व्हरने मराठी पान ठेवलं असेल आणि त्याला ही ओळ वाचायला शिकवलेलं असेल, तर तो न विचारता मराठी पान देतो. नसेल तर त्याच्या नोंदवहीत निदान इतकं उरतं की कुणीतरी मराठी मागितली होती.

ही ओळ तुम्ही लिहीत नाही. फोन लिहितो, त्याच्या सेटिंगमधली भाषा बघून. आज या मांडवात येण्याआधी चहाच्या वेळी मी वीस-बावीस जणांचे फोन बघितले. रागावू नका, ते सगळे मराठीत बोलत होते, मराठीत व्हॉट्सॲप लिहीत होते, आणि दोन सोडून सगळ्यांचे फोन जगाला सांगत होते: इंग्रजी.

आता इतिहासाची एक आठवण. निलंगा निजामाच्या राज्यात होता, बीदर जिल्ह्यात. कचेरीची भाषा उर्दू. माझ्या आजोबांना मराठी लिहिता येत होतं, मोडीही येत होती. तरी जमिनीच्या कामासाठी ते अर्जनवीस गाठत आणि उर्दूत अर्ज करून घेत, कारण मराठी अर्ज चालतच नसे. अंगठा नाही, सही करत. पण कशाखाली सही केली ते वाचता येत नसे. उर्दूवर माझा राग नाही; अर्ज, तहसील, नक्कल, असे मी आज बोललेले कितीतरी शब्द तिच्यासारखेच अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपले झाले. सक्ती हा वेगळा विषय. १९४८ च्या १७ सप्टेंबरला ती राजवट संपली. १९५६ ला निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे बीदरचे तालुके मराठी मुलखात आले, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६४ ला राजभाषेचा कायदा झाला. गुरुजी ओट्यावर बसून मराठीत अर्ज लिहीत, त्यामागे हे सगळं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी उर्दूत लिहिले होते.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. पण तो दर्जा ‘एक्सेप्ट-लँग्वेज’च्या ओळीत आपोआप उमटत नाही. आणि सर्व्हर आपणहून तोंड उघडत नाही; जे मागितलं तेवढ्यालाच उत्तर. एखाद्या कंपनीतला माणूस वर्षअखेरीला नोंदवही चाळतो आणि म्हणतो, लातूर जिल्ह्यातून इतके अर्ज आले, मराठी मागणारे मूठभर. मग मराठी पानावर खर्च कशाला? त्याला मी दोष देऊ शकत नाही. अर्ज आपले. त्यावर जे लिहिलंय तेच तो वाचतोय. आजोबांना कचेरीने उर्दू लिहायला लावलं होतं. आपल्याला कुणी लावलेलं नाही.

पुष्कळ सर्व्हर ही ओळ वाचतच नाहीत, हे मी लपवत नाही. फोनवरची सगळी यादी मराठीत आली की दोन दिवस अडखळायला होतं, हेही खरं. ‘सेटिंग’ला ‘सेटिंग्ज’ म्हणतात की आणखी काही, हे शोधावं लागतं. ज्यांना ते नको त्यांनी फोन इंग्रजीतच ठेवावा आणि फक्त ब्राउझरच्या भाषांच्या यादीत मराठीला वर, पहिल्या जागी सरकवावं. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत; त्यात सेटिंग, सेटिंगमध्ये भाषा. एका मिनिटाचं काम आहे.

आभारप्रदर्शन झाल्यावर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला त्या टेबलापाशी अर्धा तास बसणार आहे. पुढच्या रांगेतली ही दोन मुलं माझ्या मदतीला आहेत. ज्यांना ती यादी सापडत नाही, ज्यांचा चष्मा घरी राहिलाय, त्यांनी फोन घेऊन यावं. आम्ही लावून देतो.